चष्म्याच्या दुकानापासून डावीकडे

कॅनडातल्या वॉन शहरातल्या एका मॉलमध्ये दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आठ वाजता इटलीतलं लुक्का हे गाव वसतं. साडेनऊला ते गुंडाळलं जातं, कारण दहाला दुकानं उघडतात.

प्रवेशद्वार क्रमांक दोन हे रेल्वे स्टेशन. बुटांचं दुकान ही गावाभोवतीची तटबंदी. चष्म्याचं दुकान म्हणजे कॅथीड्रल. आत जायचं नाही, तिथून डावीकडे वळायचं. सरकत्या जिन्याजवळच्या कुंड्यांत प्लॅस्टिकची झाडं आहेत. तो माथ्यावर झाडं वाढलेला जुना मनोरा. आणि फूड कोर्टाच्या टोकाचं खिडकीजवळचं टेबल हे देऊळ, म्हणजे तिथलं एक चर्च; वसईकर चर्चला देऊळच म्हणतात. तिथं पोचायचं आहे.

हे गाव वसवणाऱ्या गृहस्थांचं नाव बस्त्याव. वय एकाहत्तर, मूळ वसईचे. आमच्या रांगेत दोन घरं सोडून राहतात. इटलीला ते कधीही गेलेले नाहीत.

हिवाळ्यात बाहेर बर्फ असतो म्हणून बरेच म्हातारे मॉलमध्ये चालायला येतात. बाकीचे चालतात आणि कॉफी पितात. बस्त्याव अंकल दोन पावलं पुढे राहून घोषणा करतात. ‘‘तटबंदी आली. दरवाजा अरुंद आहे, सायकलवाले सांभाळ.’’ मागून फिलोमिना आंटी येतात, गुडघ्याला पट्टा बांधून. प्रत्येक वळणावर त्या विचारतात, ‘‘डावीकडे ना, हो?’’

‘‘डावीकडेच. विचारतेस काय? शंभरदा सांगितलं.’’

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. ‘‘आता उजवीकडे ना?’’

‘‘उजवीकडेच! कपाळावर लिहून देऊ?’’

चालायला येणाऱ्यांत एक इटालियन आजोबा आहेत. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, पण एकदा त्यांनी मला थांबवून विचारलं, हा माणूस बायकोवर सारखा का ओरडतो. मी म्हटलं, ते लुक्काला चालले आहेत. आजोबांनी मॉलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेले.

अंकलनी एकतीस वर्षं शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बनवली. त्या कामात एक शब्द आहे: रिकव्हरी. बस शेवटच्या थांब्यावर पोचली की परत निघण्याआधी काही मिनिटं मोकळी ठेवतात. वाटेत झालेला उशीर तिथं जिरतो. निवृत्तीनंतर अंकलनी हा शब्द घरी आणला. कुणी मुलाखतीला चाललं, कुणी विमानतळावर, कुणी बाळंतपणाला, तरी त्यांचा प्रश्न एकच: ‘‘रिकव्हरी धरली का?’’

पुतण्याच्या लग्नात मिसा लांबली, तेव्हा त्यांनी चर्चच्या दारात पाद्रीबाबांना गाठलं. ‘‘फादर, प्रवचन छान होतं. पण अकरा मिनिटं लेट. तुम्ही रिकव्हरीच ठेवत नाही.’’ आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तो जानेवारी होता. निघायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, ‘‘कोट, बूट, टोपी, हातमोजे. माणशी चार मिनिटं. तुम्ही चौघं, म्हणजे सोळा. नऊ वाजता निघायचं तर पावणेनऊच्या आधी उठा.’’ आम्ही तेव्हा खीर खात होतो.

दुसरा नियम आगगाड्यांचा. ‘‘शेवटची गाडी आपली नसते, पेपरवाले. आपली त्याच्या आधीची.’’ मी भारतात वर्तमानपत्रात होतो. एवढ्यावरून त्यांनी मला हे नाव दिलं.

इटलीचा संबंध आंटींकडून आला. कॅनडात आल्यावर बावीस वर्षं त्या इथल्याच एका इटालियन कुटुंबात घरकामाला होत्या. त्या घरातली म्हातारी लुक्काची. तिच्या गावातल्या एका देवळात मोलकरणींची संत आहे; स्वतः मोलकरीण होती, तिला लोकांनी संत केलं. म्हातारीनं मरण्यापूर्वी त्या संतिणीचं छोटं चित्र आंटींना दिलं आणि म्हणाली, माझ्या वतीनं एक मेणबत्ती लाव. आंटी हो म्हणाल्या. आपल्या पायांनी चालत जाऊन लावीन, असंही म्हणाल्या. ते चित्र त्यांच्या पर्समध्ये असतं, हेल्थ कार्डाच्या मागे.

अंकलनी हे काम धंद्याच्या पद्धतीनं हाती घेतलं. नुसत्या लुक्कासाठी एवढा विमानप्रवास त्यांना पटेना. मुक्काम फ्लॉरेन्सला, आणि तिथून रोज सकाळी आगगाडीनं एक छोटं गाव करून संध्याकाळी परत. प्रातो, पिस्तोया, पिसा, लुक्का, सिएना, आरेत्सो, सान जिमिन्यानो. सात गावं, सात तक्ते, एक निळी फाइल. फ्लॉरेन्सला ते फिरेन्झे म्हणतात आणि दुसरं कुणी फ्लॉरेन्स म्हणालं की दुरुस्त करतात.

फाइलची कीर्ती पसरली. ऑक्टोबरात चर्चमधली दोन जोडपी ती घेऊन इटलीला जाऊन आली. परत आल्यावर त्यांची तक्रार अशी की अंकलच्या तक्त्यात चारशे मीटर चालायला चौदा मिनिटं धरली आहेत. चौकात सहा मिनिटं, पुलापाशीही सहा, काही कारण नसताना. ‘‘आम्ही सगळीकडे लवकर पोचत होतो, बस्त्याव. उन्हात उभे राहून राहून पाय दुखले.’’

‘‘पण गाडी चुकली नाही ना?’’ अंकल म्हणाले.

ही मिनिटं आंटींच्या गुडघ्यासाठी आहेत, असं सगळे समजत. मीही तसंच समजत होतो.

या हिवाळ्यात फाइल बारीक होत गेली. नोव्हेंबरमध्ये सान जिमिन्यानो गेलं: मध्ये गाडीतून उतरून बस पकडावी लागते. डिसेंबरमध्ये सिएना: स्टेशन खाली, गाव डोंगरावर, वर जायला एकावर एक सरकते जिने. मग आरेत्सो, चढासाठी. पिसा, गर्दीसाठी. पिस्तोया आणि प्रातो एकाच आठवड्यात गेली, कारण सांगितलं नाही. प्रत्येक वेळी अंकल तक्त्यावर तिरकी रेघ मारत आणि म्हणत, ‘‘फिलूचा गुडघा.’’ आंटी मान हलवत. फेब्रुवारीत फाइलमध्ये एकच तक्ता उरला.

त्याच सुमारास मला स्टॉपवॉच मिळालं. आंटी ते घेऊन आमच्या दारात आल्या. ‘‘तुम्ही धरा. हा माणूस चोर आहे. बटण लवकर दाबतो, म्हणजे मी वेळेत पोचले असं दिसावं.’’ अंकल मागे उभे होते. त्यांनी नाकारलं नाही. तेव्हापासून मी दर शनिवारी स्टेशनवर बटण दाबतो आणि देवळाशी पुन्हा दाबतो. आकडे वहीत आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी छत्तीस मिनिटं, मार्चच्या शेवटी एकेचाळीस. मर्यादा पंचेचाळीस. त्यानंतर ते देऊळ दुपारपुरतं बंद होतं आणि आंटींना दुपारनंतर उभं राहवत नाही.

आणखी एक नोंद इथं करायला हवी. नोव्हेंबरात अंकलनी गाडीला बर्फासाठीचे विंटर टायर बसवून घेतले. पुढच्याच आठवड्यात ते विंटर टायर बसवायला पुन्हा त्याच गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकनं गाडीखाली वाकून पाहिलं आणि त्यांना परत पाठवलं. ‘‘चेक करायला गेलो होतो,’’ अंकल म्हणाले. ‘‘त्या पोरांचा भरवसा नाही.’’ आम्ही हसलो. आंटीही हसल्या, सगळ्यांत मोठ्यानं.

त्यांची मुलगी लिंडा लंडनला राहते, आपल्या इथल्या, ओंटारिओतल्या. हॉस्पिटलात नर्स आहे. विमानाची आणि हॉटेलची बुकिंग तिच्या कार्डावर होती, मे महिन्याची. पूर्ण पैसे परत मिळतील अशी रद्द करण्याची मुदत एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी संपत होती. तिनं आई-वडिलांना कळवलं की त्या शनिवारी ती स्वतः मॉलमध्ये येणार. स्टेशन ते देऊळ, पंचेचाळीस मिनिटांत, फोन न वापरता. जमलं तर जा. नाही तर तिथल्या तिथं कॅन्सल.

शुक्रवारी संध्याकाळी तिचा मला फोन आला.

‘‘काका, मम्मीच्या गुडघ्याचं मला माहितेय. त्याला पट्टा आहे, गोळी आहे. मला डॅडीला बघायचंय.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘ख्रिसमसला ते मला घ्यायला बस स्टेशनवर आले होते. परत येताना आमच्या जुन्या घराकडे गेले. स्कारबरोला. ते घर विकून नऊ वर्षं झाली. ड्राइव्हवेत गाडी लावून हॉर्न वाजवत बसले. मी विचारलं तर म्हणाले, तुला घर दाखवायला आणलं. मे बी खरं असेल. आय डोन्ट नो.’’ मग म्हणाली, ‘‘इटलीत रस्ता चुकले तर मम्मी काय करणार? तिला भाषा येत नाही, धावता येत नाही. उद्या मला फक्त बघायचंय. तुम्ही त्यांना सांगू नका प्लीज.’’

मी सांगितलं नाही. त्याबद्दल अभिमान नाही. शनिवारी सकाळी प्रवेशद्वार क्रमांक दोनशी चौघं जमलो तेव्हा परीक्षा कुणाची आहे हे दोघांना माहीत होतं आणि दोघांना नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

अंकल ब्लेझर घालून आले होते. ‘‘काय पेपरवाले, सेल नवे टाकलेत ना? लिंडा, तू मम्मीबरोबर चाल. मध्ये बोलायचं नाही. गावात शिरलो की आपण इटलीत.’’

‘‘डॅडी, बूट बरोबर आहेत ना?’’

‘‘माझ्या बुटांचं काय? चालायचंय तुझ्या आईला.’’

आठ वाजून चार मिनिटांनी मी बटण दाबलं.

तटबंदीपर्यंत सगळं ठीक होतं. बुटांच्या दुकानाशी आंटींनी विचारलं, ‘‘सरळ ना, हो?’’ आणि अंकलनी ठरलेलं उत्तर दिलं. त्यानंतर लिंडानं आईचा दंड धरला. नर्सच्या सवयीनं धरला असेल. पण त्यामुळे आंटींची चाल आणखी मंदावली आणि अंतर वाढत गेलं. दोन पावलांचं दहा झालं, दहाचं तीस. अंकल एकटेच पुढे गेले. मी दोघांच्या मध्ये होतो.

चष्म्याचं दुकान तिथं नव्हतं.

आदल्या मंगळवारी होतं. आता त्याच्या जागी जमिनीपासून छतापर्यंत पांढऱ्या फळ्या ठोकल्या होत्या. पाटी उतरवली होती, काचेतला मोठा लाकडी चष्मा नाहीसा झाला होता. त्या जागी तीन वाटा फुटतात. अंकल तिठ्याच्या मधोमध जाऊन थांबले.

त्यांनी उजवीकडे पाहिलं. मग मागे. मग फळ्यांकडे. खिशातून तक्ता काढला, उघडला आणि परत घडी केला. त्यावर ‘कॅथीड्रलपासून डावीकडे’ असं लिहिलं होतं, आणि कॅथीड्रल नव्हतं. उजव्या वाटेकडे त्यांनी चार पावलं टाकली, थांबले, परत मध्ये आले. फरशी पुसायचं यंत्र चालवणारा माणूस त्यांना वळसा घालून गेला. अंकलनी त्याच्यासाठी हात वर केला, काही विचारायला उचलतात तसा, आणि खाली घेतला.

स्टॉपवॉचवर एकवीस मिनिटं झाली होती. मी मागे वळून पाहिलं. लिंडानं आईचा दंड सोडला होता. ती वडिलांकडे बघत होती आणि तिचा दुसरा हात कोटाच्या खिशात गेला होता, फोन होता त्या खिशात.

‘‘आई गं!’’ आंटी ओरडल्या.

त्या भिंतीजवळच्या बाकावर बसल्या होत्या, गुडघा दोन्ही हातांत धरून. बाकापर्यंतची सहा-सात पावलं त्या लंगडल्या नव्हत्या. हे मी पाहिलं.

‘‘अहो, इकडे या जरा. सणक आली.’’

अंकल आले. घाईनं आले, कारण आवाज ओळखीचा होता आणि दिशा एकच होती. ते खाली वाकून पट्टा सैल करू लागले. ‘‘तरी सांगत होतो, सकाळी शेक घे. ऐकायचं नाही कुणाचं.’’

‘‘घेतला होता शेक.’’

‘‘कसला घेतलास? दोन मिनिटं घेतलास.’’

त्या बाकावर सहा मिनिटं गेली. लिंडा आईच्या गुडघ्याला हात लावायला पुढे झाली, तेव्हा आंटींनी तो हात हळूच बाजूला केला. मग त्या उठल्या, अंकलच्या खांद्याचा आधार घेऊन, आणि फळ्यांकडे हनुवटी करून म्हणाल्या, ‘‘मेल्यांनी चष्म्याचं दुकान झाकून टाकलं. तरी वळायचं डावीकडेच ना, हो?’’

अंकलनी फळ्यांकडे पाहिलं. मग आंटींकडे. हा क्षण स्टॉपवॉचवर मोजण्याइतका मोठा नव्हता, पण मी तो मोजल्यासारखा लक्षात ठेवला आहे.

‘‘डावीकडेच,’’ ते म्हणाले. ‘‘विचारतेस काय? दुकान झाकलं म्हणून गाव हलतं का?’’

तिथून पुढे त्यांनी तिचा हात सोडला नाही. मनोऱ्याशी त्यांनी लिंडाला प्लॅस्टिकची झाडं दाखवली. ‘‘ही खरी आहेत तिथं. इतक्या उंचावर कुणी लावली असतील बघ.’’ खिडकीजवळच्या टेबलाला आंटींनी हात लावला तेव्हा मी बटण दाबलं.

‘‘त्रेचाळीस मिनिटं, दहा सेकंद,’’ मी वाचून दाखवलं.

‘‘रिकव्हरी धरून,’’ अंकल म्हणाले आणि खुर्चीत बसले. ब्लेझरच्या पाठीवर घामाचा डाग होता.

लिंडानं मला कॉफी आणायच्या निमित्तानं बाजूला नेलं. रांगेत आमच्या पुढे कुणी नव्हतं, तरी ती पुढे सरकली नाही.

‘‘काका, तुम्ही मध्ये होता. तिथं कोण थांबलं? मम्मी की डॅडी?’’

बातमीत जे पाहिलं तेवढंच लिहायचं असतं. मी म्हटलं, ‘‘दोघं थांबले. दोघं निघाले.’’

तिनं फोन काढला. बुकिंगचं पान उघडंच होतं, रद्द करायचं लाल बटण खाली. ती त्याकडे बराच वेळ बघत राहिली. टेबलाशी आंटी पर्समधून ते चित्र काढून अंकलना दाखवत होत्या आणि अंकल चष्मा कपाळावर चढवून ते न्याहाळत होते, जणू पहिल्यांदाच.

‘‘शी नोज,’’ लिंडा म्हणाली. ‘‘मम्मीला सगळं माहितेय. ती किती दिवसांपासून असं करतेय?’’

‘‘वळणावर विचारतात ते मी फेब्रुवारीपासून ऐकतोय.’’

‘‘आणि मला वाटायचं तिला डावं-उजवं कळत नाही.’’ तिनं फोनचं पान बंद केलं. डोळे पुसले, मग काउंटरवरच्या मुलीला चार कॉफी सांगितल्या. टेबलाशी जाऊन तिनं आवाज कडक केला. ‘‘रोज रात्री व्हिडिओ कॉल. दोघांनी. एक दिवस चुकला तर मी पुढच्या फ्लाइटनं येईन.’’

‘‘ये की,’’ अंकल म्हणाले. ‘‘फिरेन्झेला घ्यायला येतो तुला.’’

‘‘नको, डॅडी. मी येईन माझी माझी.’’

मायलेकी वॉशरूमला गेल्या. टेबलाशी आम्ही दोघं राहिलो. अंकलनी तक्ता उघडला आणि टेबलावर सपाट केला. कॅथीड्रलच्या ओळीपुढे त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: रिकव्हरी, सहा मिनिटं.

‘‘बरोबर सहाच लागली,’’ मी म्हटलं.

‘‘लागणारच. मी मोजली आहेत.’’ त्यांनी ओळीवरून अंगठा फिरवला. ‘‘तुम्हाला काय वाटलं, ही तिच्या गुडघ्याची आहेत?’’

मी तक्त्यावरची ती ओळ पुन्हा वाचली.

‘‘सप्टेंबरात एकदा मला घराचा रस्ता आठवेना. चर्चपासून घर. पार्किंगमध्ये उभा होतो. आठवायला सहा मिनिटं लागली, घड्याळात बघितलं मी. मग जिथं जिथं वळण आहे तिथं तिथं सहा मिनिटं टाकली. गावं एकेक करून बसेनाशी झाली. ही सगळी मिनिटं घालून एका दिवसात मावलं ते हे एकच.’’

‘‘आंटींना माहीत आहे.’’

‘‘माहीत आहे तर! म्हणून तर विचारते. विचारता विचारता उत्तर सांगून टाकते.’’ ते हसले. ‘‘बावीस वर्षं दुसऱ्याच्या घरात काम केलं तिनं. मालकाला न लाजवता त्याची चूक कशी सुधारायची, ते तिला बरोबर येतं.’’

‘‘मग तुम्ही ओरडता कशाला?’’

अंकलनी तक्त्याची घडी घातली. कडा जुळतात का पाहिलं, पुन्हा घातली.

‘‘ओरडलो नाही तर तिला कळेल ना, की मला कळलंय. मग ती रडेल. आता ती हसते.’’ तक्ता आतल्या खिशात गेला. ‘‘तिला सांगू नका, पेपरवाले. लिंडालाही नको.’’

आदल्या संध्याकाळपासून मला ‘सांगू नका’ म्हणणारे ते दुसरे होते.

बाहेर पार्किंगमध्ये बर्फ बऱ्यापैकी वितळला होता, कडेला काळे ढीग उरले होते. गाड्यांच्या रांगा एकसारख्या दिसत होत्या. अंकल दारातून बाहेर आले आणि थांबले. किल्ली हातात होती. लिंडा काही बोलणार होती. मी तिच्या बाहीला हात लावला.

आंटी मागून आल्या. पट्टा घट्ट करता करता, वर न बघता म्हणाल्या, ‘‘चौथी रांग ना, हो? दिव्याच्या खांबाजवळ?’’

‘‘चौथीच,’’ अंकल म्हणाले. ‘‘विचारतेस काय?’’

आणि तिचा हात धरून ते दिव्याच्या खांबाकडे चालू लागले.